खडकावरील उद्यान आणि गावचे माळरान

(वरच्या वर्गांच्या परिसर-अभ्यासासाठी)

'ओसाड' हा शब्द खेडोपाडी फार सैलपणे वापरला जातो. जिच्यात नांगर चालत नाही, जिच्या पोटी पाणी लागत नाही आणि उन्हाळ्यात जिच्यावर हिरवी काडी दिसत नाही, ती जमीन ओसाड, असे मुलांच्या मनावर नकळत बिंबत असते. जुलै महिना येतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला वनमहोत्सव शाळोशाळी साजरा होतो. रोपे येतात, अशाच एखाद्या माळावर खड्डे खणले जातात, मुले उत्साहाने माती लोटतात आणि रोपांची संख्या अहवालात नोंदविली जाते. पुढल्या वैशाखात माळावर पुष्कळदा खड्डे तेवढे उरतात. यात मुलांच्या श्रमांचा दोष नसतो, रोपांचाही नसतो. या जमिनीवर मुळात काय उगवते व का उगवते, हे पाहावयाचे राहून गेलेले असते.

हे कसे पाहावे, याचा एक चांगला धडा राजस्थानातील जोधपूर शहराला लागून असलेल्या एका उद्यानात घालून दिलेला आहे. शिक्षकांनी तो समजून घेतल्यास आपल्या गावच्या माळावरही तो मुलांकडून गिरवून घेता येईल.

स्थळपरिचय

जोधपूर हे थर वाळवंटाच्या पूर्व बाजूचे मोठे शहर होय. राव जोधा यांनी १४५९ साली तेथील उंच टेकडीवर मेहरानगड किल्ल्याचा पाया घातला. किल्ल्याच्या पायथ्याशी व बाजूस सुमारे ७२ हेक्टर खडकाळ जमीन आहे. या जमिनीचे मूळचे नैसर्गिक रूप तिला परत मिळवून द्यावे, या हेतूने मेहरानगड संग्रहालय न्यासाने २००६ साली काम हाती घेतले आणि ते निसर्ग-अभ्यासक प्रदीप किशन यांच्याकडे सोपविले. फेब्रुवारी २०११ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' हे त्याचे नाव.

उद्यान म्हटले की हिरवळ, फुलांचे वाफे, कारंजी आणि कापून सारखी केलेली कुंपणे डोळ्यांपुढे येतात. येथे यांपैकी काहीही नाही. जुन्या तटबंदीतील एका दरवाजाच्या वास्तूत माहितीची सोय केलेली आहे. तेथून निरनिराळ्या रंगांनी दाखविलेल्या पायवाटा खडकांमधून जातात. एक वाट 'हाथी नहर' नावाच्या जुन्या पाटातून जाते. टेकड्यांवर पडलेले पावसाचे पाणी किल्ल्याखालच्या तलावांत आणण्यासाठी तो खडकात खोदलेला आहे. वाटेच्या दोन्ही अंगांना काटेरी झुडपे, गवताचे पुंजके आणि नागडा खडक. पावसाळ्याच्या अखेरीस गेलेल्या पाहुण्यास हा प्रदेश हिरवागार भेटतो. मे महिन्यात जाणाऱ्यास तो जवळजवळ निर्जीव भासतो. दोन्ही वेळा झाडे तीच असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावयाचे.

खालचा खडक हाही अभ्यासाचा विषय आहे. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून आणि तप्त राखेचे थर एकमेकांत वितळून जोडले गेल्यापासून बनला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जोधपूर येथील या खडकास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. पण त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, तर जोधपूरच्या खडकाचे वय सुमारे ७० ते ७५ कोटी वर्षे. आपला सह्याद्री मुलांना फार पुरातन वाटतो. जोधपूरचा खडक त्याच्या दहापट जुना आहे.

पाहुणे झाड आणि त्याचा पसारा

उद्यानाचे काम सुरू झाले तेव्हा ही जमीन मोकळी नव्हती. ती एकाच झाडाने व्यापलेली होती. मारवाडात त्याला 'बावळिया' किंवा 'विलायती बावळिया' म्हणतात; महाराष्ट्रात तेच झाड 'वेडी बाभूळ' म्हणून ओळखले जाते. नदीकाठी, तलावाच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला व गायरानात ते आपल्या शिक्षकांनी रोजच पाहिलेले असेल.

हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील. वाळवंट हिरवे व्हावे आणि लोकांना सरपण मिळावे, या सद्हेतूने ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारवाडात पसरविण्यात आले. महाराजांनी विमानातून त्याचे बी उधळविले, असे जोधपुरात सांगितले जाते. हेतू चांगला होता आणि झाडही गुणी निघाले. पण त्याचे गुणच इतरांच्या मुळावर आले. शेंगा गोड असल्याने शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात. बी मात्र पचत नाही. ते लेंड्यांतून दूरदूर जाऊन पडते आणि रुजते. झाड वरून तोडले, तर जमिनीखालच्या खोडाच्या भागातून अनेक नवे फुटवे येतात. त्याच्या दाट सावलीत व पालापाचोळ्यात स्थानिक गवत आणि रोपे धड वाढत नाहीत. हिरवेपणा वाढला, पण त्या हिरवेपणात शेकडो झाडावेलींच्या जागी एकच झाड उरले.

येथे शिक्षकांनी एक तोल सांभाळावा. वेडी बाभूळ म्हणजे केवळ शत्रू, असे मुलांना सांगू नये. अनेक गरीब कुटुंबांची चूल तिच्या सरपणावर पेटते आणि कोळसा करणाऱ्यांची उपजीविका तीवर चालते. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी हीच मोळी येत असेल. झाड चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोठले आहे, येथे आल्याने कोणाची जागा गेली आणि त्याचा उपयोग कोणाला होतो, हे तीन प्रश्न मिळून विषय पुरा होतो.

ऐकून खडक फोडणारे कारागीर

बावळिया काढावयाची कशी, ही मोठी अडचण होती. खडकाच्या भेगांत खोल घुसलेली मुळे कुदळीने निघेनात. वरून तोडण्यात तर अर्थच नव्हता. शेवटी मदतीस आले ते जोधपूरच्या दगडखाणींत पिढ्यान्पिढ्या काम करणारे 'खंडवालिया' कारागीर. हातोडीचा एक ठोका घालावयाचा आणि खडकातून उमटणारा आवाज ऐकावयाचा. आवाजावरून थर कोणत्या दिशेने जातो, भेग कोठे आहे आणि छिन्नी कोठे लावावी, हे त्यांना कळत असे. छिन्नी-हातोडीने खड्डा करीत त्यांनी एकेक झाड त्याच्या फुटव्याच्या भागासकट उपटून काढले. अशा रीतीने तयार झालेले खड्डे व्यर्थ गेले नाहीत. त्याच खड्ड्यांत थरच्या खडकाळ प्रदेशातील मूळ झाडेझुडपे लावण्यात आली.

या प्रसंगातील शिकवण केवळ वनस्पतिशास्त्राची नाही. खंडवालियांचे हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते हातात व कानात होते. आपल्या गावातही धनगरास गवताची जात ठाऊक असते, वैदूस मुळ्या ठाऊक असतात, वडाऱ्यास दगड ठाऊक असतो. त्यांची मुले वर्गात मागल्या रांगेत गप्प बसतात. परिसर-अभ्यासाच्या पाठाला त्यांच्या आई-वडिलांना पाचारण केले, तर पाठ समृद्ध होईल आणि त्या मुलांची मान ताठ होईल.

थोड्या पाण्यावर जगण्याच्या रीती

जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३६ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत येतो. उरलेले नऊ महिने झाडाने काढावयाचे कसे? पुढील झाडे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देतात.

थोर : खडकावर झुंबडीने वाढणारे, मांसल हिरव्या दांड्यांचे हे काटेरी झुडूप. पाऊस पडला की त्याला पाने येतात. ओल सरली की ती गळतात. मग अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. याच्या काटेरी जाळीत शेळीचे तोंड पोहोचत नाही. त्यामुळे आत रुजलेले दुसरे एखादे रोप निर्धास्त वाढते.

केर : आपल्याकडे यास नेपती म्हणतात. पाने फक्त कोवळ्या फुटव्यांवर आणि तीही थोडे दिवस. एरवी हिरव्या काड्यांचे जाळेच पानांचे काम करते. याची कच्ची फळे मारवाडात भाजीसाठी वापरतात.

गुग्गुळ : बरेच महिने निष्पर्ण. याची वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवी साल दिसते. धुपासाठी व औषधासाठी ओरबाडून डिंक काढल्यामुळे हे झाड आज अत्यंत संकटात सापडलेल्या वनस्पतींत गणले जाते.

कुमट : बारीक पर्णिका आणि तिनाच्या गटाने येणारे काटे. पान लहान तेवढे पाणी कमी उडते. बाजारात प्रसिद्ध असलेला अरबी डिंक याच जातीच्या झाडापासून मिळतो.

रुई : हिचे पान मोठे आहे, मग ती कशी जगते? पानावर मेणाचा पांढुरका लेप असतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहणाऱ्या गावातील मुलांनी ते पान बोटाने पुसून पाहावे.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करावा. थोर दिसताच मुले त्यास निवडुंग म्हणतील. परंतु लाल बोंडांचा आपला फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला आहे. त्याचे कुळ निराळे. थोराचे खोड चिरले की पांढरा चीक वाहतो, फड्या निवडुंगात तसा चीक नसतो. दोन वेगळी कुळे, दोन वेगळी खंडे. पण कोरडेपणाचे संकट एकच, म्हणून दोघांनी मिळतीजुळती रूपे धारण केली. मात्र हा फरक दाखविताना मुलांच्या हाती सुरी देऊ नये. थोर, शेर व रुई यांचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. शिक्षकांनी स्वतः दाखवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

शमी आणि तिचा परका भाऊबंद

बावळियाचाच एक भाऊबंद थरमध्ये अनादि काळापासून आहे. त्याचे नाव खेजडी. मराठी मुलखात दसऱ्यास पूजिली जाणारी शमी, म्हणजेच सौंदड, ती हीच. तिची मुळे खोल जातात, तिच्या सावलीखाली पीक घेता येते, पाला जनावरांना चालतो आणि कोवळ्या शेंगांची 'सांगरी' माणसांच्या जेवणात येते. राजस्थानने तिला राज्यवृक्षाचा मान दिला आहे. जोधपूरजवळील खेजडली गावी १७३० साली राजाची माणसे खेजडीची झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी व इतर बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारल्या. ३६३ जणांनी तेथे प्राण दिले.

दोन झाडे एकाच घराण्यातील मानली गेली, दोघांनाही काटे, दोघांनाही शेंगा, दोघांनाही पाणी थोडके पुरते. एक हजारो वर्षे त्या भूमीतील माणूस, जनावर व पीक यांच्यासह नांदत आले. दुसरे आले आणि इतरांना जागा उरली नाही. केवळ 'झाडे लावा' एवढा उपदेश का पुरत नाही, हे समजावयास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. जोधपूर येथेच १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था काम करीत आहे. कोरड्या जमिनीचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र आहे, हेही मुलांना यावरून सांगता येईल.

वर्गात करावयाचा प्रयोग

सारख्या आकाराचे तीन रुमाल घ्यावेत. तिन्ही भिजवून सारखे पिळावेत. पहिला दोरीवर पसरून वाळत घालावा. दुसऱ्याची घट्ट गुंडाळी करून ठेवावी. तिसऱ्याचीही तशीच गुंडाळी करून ती मेणकागदात लपेटावी. तिन्ही एकाच उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने मुलांनी हात लावून पाहावे व नोंद करावी. पसरलेला रुमाल म्हणजे मोठे पातळ पान, गुंडाळी म्हणजे थोराचे खोड, मेणकागदातील गुंडाळी म्हणजे मेणाचा लेप असलेले खोड. निष्कर्ष शिक्षकांनी सांगू नये. मुलांच्या तोंडून येऊ द्यावा.

माळावरील फेरी

जोधपूरला जाणे सर्वांस शक्य नाही. तशी आवश्यकताही नाही. पर्जन्यछायेतील तालुक्यांत शाळेपासून हाकेच्या अंतरावर माळ असतो. त्यावर फेरी काढावी. शक्य तर ती दोनदा काढावी : एकदा भाद्रपदात व एकदा चैत्रात. जागा तीच, मार्ग तोच.

फेरीपूर्वी मुलांचे चार-पाच जणांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाने सुतळीने दहा पावले लांब व दहा पावले रुंद असा चौकोन आखावा आणि त्यातील प्रत्येक निरनिराळ्या वनस्पतीची नोंद करावी. नाव ठाऊक नसल्यास चित्र काढावे किंवा मुलांनी स्वतःच नाव ठेवावे. खरे नाव नंतर वडीलधाऱ्यांस विचारावे. हिवर, बाभूळ, बोर, हिंगणबेट, नेपती, तरवड. पवन्या, मारवेल, कुसळी. यांतील किती सापडतात ते पाहावे. वेडी बाभूळ ज्या चौकोनात आहे आणि ज्यात नाही, अशा दोन चौकोनांतील वनस्पतींची मोजणी ताडून पाहावी. फरक किती हे मुलांच्या आकड्यांवरूनच ठरू द्यावे. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तर तेही जसेच्या तसे लिहावेत.

पक्षी, मुंग्यांची वारुळे, सरड्यांची बिळे, जनावरांची पावले यांचीही नोंद व्हावी. चंडोल व टिटवी उघड्या गवताळ जमिनीवर अंडी घालतात. माळढोकासारखा पक्षी उघड्या माळावाचून राहूच शकत नाही. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळरान अभयारण्य म्हणून राखण्यात आले. झाड नसलेली जमीनही कोणाचे तरी घर असते, हे कळणे म्हणजेच या फेरीचे फलित होय.

वृक्षारोपणापूर्वी

फेरीच्या नोंदी हाती असल्या म्हणजे पुढील वनमहोत्सवाची तयारी सोपी होते. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ व गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. शाळेच्या अंगणात सावलीला वा शोभेला एखादे असण्यास हरकत नाही. माळावर मात्र माळाचेच झाड असावे. त्यासाठी बाहेरून येणाऱ्या रोपांची वाट पाहण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात मुलांनी बोराच्या बिया, हिवराच्या व बाभळीच्या शेंगा, हिंगणबेटाची फळे गोळा करावीत, पिशव्यांत रोपे करावीत आणि पहिल्या दमदार पावसानंतर लावावीत. जेथे चांगले गवत आहे, तेथे खड्डे खणून ते मोडू नये. तो तुकडा तसाच राखावा आणि चराईबाबत ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करावा. लावलेल्या रोपांची संख्या लहान असली तरी चालेल. पुढील वैशाखात त्यांपैकी किती जगली, ही संख्या मात्र फलकावर लिहावी. शाळेच्या अहवालात तीच मोलाची.

जोधपूरच्या कारागिरांनी ठोका घालण्यापूर्वी खडकाचा आवाज ऐकला. गावच्या माळावर पहिली कुदळ मारण्यापूर्वी मुलांनी एक पावसाळा व एक उन्हाळा तो माळ पाहिलेला असावा, एवढीच या पाठाची अपेक्षा आहे.

स्वाध्याय

१. ज्या झाडाची पाने उन्हाळ्यात गळतात पण खोड हिरवे राहते, असे एक झाड गावात शोधा. ते अन्न कसे तयार करीत असेल?

२. वेडी बाभूळ गावात केव्हा आली, ते घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारा. त्यापूर्वी त्या जागी काय होते?

३. दसऱ्यास शमीची पूजा होते ती कोणत्या झाडाची? गावच्या शिवारात शमीची किती झाडे आहेत, ती मोजा.

४. आपल्या चौकोनातील वनस्पतींची यादी भाद्रपदात व चैत्रात करा. चैत्रात न दिसलेल्या वनस्पती मेल्या की विसावल्या, हे कसे ठरवाल?